अखाजीचा मुराळी

उमरखेडे, ता. एरंडोल
२० ऑक्टोबर १९५६

चि. रुपचंद यास मंजुळाअक्काचा आशीर्वाद.

दसऱ्याला आपट्याची पानं पाकिटात घालून पाठवली होती. सोनं घेऊन गप्प बसणारा भाऊ जगात तू एकटाच असशील. गिरधर आणि कुंदाबाई बरे आहेत ना? सुनेच्या हातची भाकरी गोड मानून खात जा. वहिनी गेल्यापासून तुझ्या जेवणाचीच मला काळजी.

माझं अक्षर लागत नसेल तर रागावू नकोस. तू शाळेतून येऊन पाटीवर गिरवायचास आणि मी चुलीपुढच्या राखेत. राखेवर शिकलेलं अक्षर असंच राहायचं.

आता माझं ऐक. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या पायावर पाणी घालायला निघाले आणि अंगणातल्या शेवाळावर पाय सटकला. घागर फुटली, मी फुटले नाही. कमरेला मुका मार लागला होता, तो लेपानं पंधरवड्यात गेला. दुखणं गेलं पण खाट काही गेली नाही. चुडामणनं ओसरीवर खाट टाकून मला तिच्यावर बसवलंय. पाणी हातात, ताट हातात. तांब्या उचलायला गेले तर सुमन धावत येते. "आत्याबाई, तुम्ही बठा. लोके माले नावे ठेवतीन." सून गुणाची आहे, तिला बोल लावत नाही. सासू पडली तरी राबवून घेते, असं पाणवठ्यावर बोललेलं तिनं कानांनी ऐकलंय.

पण परवा काय झालं, सुमन शेतात होती आणि मांजरानं दुधाचं भांडं लवंडलं. मी खाली बसून पुसलं. मग उठायला गेले तर उठताच येईना. खाटेचा पाय धरला तर खाटच माझ्याकडे सरकत आली. सुमन येईपर्यंत भुईवर बसून राहिले आणि गार वाटतं म्हणून बसले असं तिला सांगितलं. रुपा, मी भ्याले. जन्मभर निंदणी-वेचणी केलेली बाई मी, आणि दीड महिन्यात माझे पाय परक्याचे झाले.

मला अखाजीला, तुझ्या पंचांगातल्या अक्षय तृतीयेला, सोनगीरला माहेरी जायचंय. गेल्या अखाजीला वहिनीला जाऊन वर्ष झालं नव्हतं म्हणून मी बोलले नाही. घर बंद राहिलं आणि आई-बाबांच्या नावानं पितरांची घागर भरायची राहिली. तेव्हापासून माझं मन लागत नाही. चुडामण म्हणतो, "मामा लेवाले उना आन् तू फाटालोंग तुना पायवरी गयी, तर जाय." एस. टी.चा फाटा, तोही आपल्या पायांनी, आता मला काशीइतका लांब वाटतो. तू तीस वर्षं कवायतीचा मास्तर म्हणून पोरांचे हातपाय वळवलेस. म्हातारीचे वळवता येतात का ते कळव. आणि माहेरचा मुराळी म्हणून मला न्यायला येशील ना, तेही कळव.

तुझी
अक्का

*

धुळे
६ नोव्हेंबर १९५६

ती. मंजुळाअक्कास रुपचंदचा साष्टांग नमस्कार.

सोनं पोचलं. भाऊबीजेला येऊ शकलो नाही. पडशानं घराबाहेर पडू दिलं नाही. ओवाळणी उधार ठेव.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग हसू थांबलं. अक्का, तुला काहीही रोग झालेला नाही. तुला खाट झाली आहे. हात मोडला की आपण झोळीत बांधतो आणि सोडल्यावर तो केवढासा झालेला असतो, पाहिला आहेस ना? मांडीचंही तेच. चुडामणनं प्रेमानं तुला सगळीच्या सगळी झोळीत घातली. अंगातलं बळ भाकरीसारखं असतं, रोज ताजं थापावं लागतं. साठीनंतर तर दोन्ही वेळा.

तेव्हा हुकूम ऐक. सकाळी उन्हाकडे तोंड करून उभी राहा. हात खांद्यासमोर, मग वर, मग खाली. चौकट धरून टाचा उचल आणि सावकाश टेकव. खाटेवरून हाताचा आधार न घेता ऊठ आणि धपकन न पडता बस. बसताना जो सावकाश बसतो त्याचेच पाय सुधारतात, हे मी शाळेत ओरडून ओरडून सांगत आलो. पहिल्या दिवशी थोडंच कर. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, त्या दुखण्याला भिऊ नकोस. पण सांधा टोचल्यासारखा दुखला किंवा चक्कर आली तर थांब.

आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या वरणाच्या पाण्यावर जेवण उरकायची तुझी जुनी खोड आहे, ती सोड. घट्ट वरण, दूध, मूठभर शेंगदाणे हे आता तुझ्या ताटात आधी पडलं पाहिजे. नुसत्या साबुदाण्यावर एकादशा करून पायात बळ येत नाही.

तू फाट्यापर्यंत चालायची तयारी कर, मुराळ्याची काळजी करू नकोस. गेली अखाजी सोडली तर सोनगीरचा मुराळी आजवर चुकलेला नाही. सुमनबाईस व चि. चुडामणला आशीर्वाद.

तुझा
रुपचंद

*

उमरखेडे
१० डिसेंबर १९५६

चि. रुपचंदास आशीर्वाद.

तुझ्या कवायतीनं माझी काय शोभा झाली ती वाच आणि पोट धरून हस.

घरात करायला जावं तर सुमन हात धरते. म्हणून पहाटे घरामागच्या खळ्यात गेले. तोंड उन्हाकडे केलं, हात समोर, हात वर, आणि तू शिकवल्यासारखं तोंडानं एक-दोन म्हणत होते. खाली बसताना मांड्या भरून आल्या आणि तोंडातून हुंकार निघाला. तेवढ्यात शेजारची यशोदाबाई शेणाची पाटी घेऊन तिथून चालली होती. तिनं पाटी टाकली, माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "माय व, मना नातूले बरं वाटी का?" मी हात वर केलेलेच, खाली आणायचं सुचेना. म्हटलं, वाटी, वाटी, घर जाय. ती गेली ती हळद-कुंकू आणि चार बायका घेऊनच आली. मंजुळाबाईच्या अंगात आलं, असं सकाळच्या न्याहारीपर्यंत सगळ्या गावाला माहीत.

नातवाचा ताप संध्याकाळी उतरला हे माझं दुर्दैव. आता यशोदाबाई दुसरं काही ऐकेना.

चुडामण रागावला. सुमन रडली. तिला वाटलं, आपण सासूला बसवून ठेवलं म्हणून देवी कोपली. तिचं रडणं बघून मला वाईट वाटलं आणि त्यातच एक सुचलं. मी म्हटलं, "अंगात आलं नाही, पोरी. माझा नवस आहे. अखाजीपर्यंत रोज पाराच्या पिंपळाला माझ्या हातानं पाणी घालायचं आणि गुडघे टेकून भुईला कपाळ लावायचं. नवस दुसऱ्याच्या हातानं फिटत नाही." नवस कशाचा, ते फिटेपर्यंत सांगायचं नसतं, म्हणून कुणी विचारलंही नाही.

आणि बघ, ज्या गावानं मला खाटेवर बसवलं तेच गाव आता वाट सोडून उभं राहतं. सुमनलाही कुणी नावं ठेवत नाही, उलट तिची सासू पुण्याईची झाली. पहिल्या दिवशी लोटी नेली. आता तांब्या नेते. संक्रांतीनंतर कळशी न्यायचा विचार आहे. कपाळ टेकायला सोपं, उठायलाच घाम फुटतो. आधी पाराचा दगड धरून उठत होते. आता कुशीवर होऊन गुडघ्यावर येते, एक पाऊल पुढं घेते, त्या मांडीवर हात दाबते आणि उभी राहते. गाय उठते तशी, मागून आधी. गाईला कुणी शिकवायला जात नाही, पण मला तुझं पत्र लागलं.

शेंगदाणे खाते. एकादशीला दूध घेते. तू सकाळी पांझरेकाठी फिरायला जायचास, ते चालू आहे का? स्वतःबद्दल एक ओळ लिहीत नाहीस.

तुझी
अक्का

*

धुळे
२९ डिसेंबर १९५६

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र कुंदाबाईकडून दोनदा वाचून घेतलं, चष्मा सापडत नव्हता म्हणून. गिरधर तर जेवताना ठसका लागेपर्यंत हसला. मी जन्मभर नवस-सायासांना हसलो आणि माझ्याच बहिणीनं माझी कवायत पिंपळाला वाहिली. हरकत नाही. पिंपळाला पाणी मिळतंय, तुला पाय मिळतायत, मध्ये मी बोलणारा कोण?

लोटी, तांब्या, कळशी हा क्रम अगदी बरोबर आहे. ओझं असंच वाढवावं, अंगाला कळूही न देता. कळशी घेतलीस की पाठ वाकवून उचलू नकोस, गुडघ्यात वाकून उचल. कधी उजव्या कमरेवर घे, कधी डाव्या. एक दिवस जमलं नाही तर नवस मोडला म्हणून रडत बसू नकोस, दुसऱ्या दिवशी जा.

पांझरा आहे तिथं आहे. थंडी फार आहे.

तुझा
रुपचंद

*

उमरखेडे
१२ फेब्रुवारी १९५७

रुपा,

आशीर्वाद नंतर देते. आधी भांडायचंय.

चुडामण कापूस घेऊन धुळ्याला आला होता हे तुला माहीत आहे. तू त्याला माझ्या गळ्याची शपथ घातलीस, की अक्काला सांगायचं नाही. पोरगा चार दिवस माझ्याशी नीट बोलेना, माझ्या गळ्याकडेच बघायचा. मी म्हटलं, गळा माझा आहे, त्याची शपथ मी सोडवते, बोल. तेव्हा तो ओसरीवर बसला आणि म्हणाला, "माय, मामा खाटवर पडेल शे. उठत नही."

गिरधर आणि कुंदाबाई तुला खुर्चीत बसवून न्हाणीपर्यंत उचलून नेतात, हे माझ्या लेकानं डोळ्यांनी बघितलं. दाढी वाढलेली. खुंटीवरच्या शिट्टीवर धूळ. श्रावणातच न्हाणीत पडलास म्हणे, माझ्या आधी. म्हणजे तू मला कवायतीचे हुकूम सोडत होतास ते आडवा पडून. कुंदाबाई म्हणाली, हाड जुळलंय, डॉक्टरांनी केव्हाच चालायला सांगितलंय, पण मामंजी पाय खाली टाकत नाहीत.

पत्राच्या माथ्यावर साष्टांग नमस्कार लिहितोस. शेवटचा कधी घातलास रे?

मला राग याचा नाही की तू पडलास. मीही पडले. राग याचा आहे की माझं भुईवर बसून राहणं, माझं भिणं, यशोदाबाईसमोरची फजिती, सगळं मी तुला लिहिलं आणि तू मला पडशाची गोष्ट सांगितलीस. लहानपणी ताप आला की तू माझ्याच पदरात तोंड खुपसायचास. आता कुणापासून लपतोस?

गिरधरचंही मी चुडामणसारखंच समजते. पोरं बिचारी प्रेमानं उचलतात. पण तुला तर कळतं ना. बसवलेल्याचे पाय जातात, हे मला कुणी लिहून पाठवलं?

उद्यापासून पाय खाली टाक. अंथरुणाच्या काठावर बस, खुर्चीची पाठ धरून उभा राहा, कुंदाबाईला जवळ उभं राहू दे पण उचलू देऊ नकोस. हे मी सांगत नाही, तूच सांगितलं आहेस. तुझीच पत्रं तुला परत पाठवू का?

अक्का

*

धुळे
२५ फेब्रुवारी १९५७

ती. अक्का,

नमस्कार लिहिण्याची लाज वाटते.

तुझं म्हणणं सगळं खरं. खोटं बोललो ते तुला धीर यावा म्हणून, असं लिहिणार होतो, पण तेही खोटंच होईल. मला तुझ्यापुढे मास्तर राहायचं होतं. तेवढी एकच जागा उरली होती.

मांडीचं हाड चिरलं होतं. प्लास्टर निघाल्यावर मी काठी घेऊन बाहेर पडलो होतो, दसऱ्याच्या आधी. रतिलालच्या कापडाच्या दुकानापर्यंत गेलो आणि तिथंच गटाराच्या काठावर बसकण मारली. रतिलाल माझ्या हाताखालून गेलेला. पाठीला पोक काढून उभा राहायचा, त्याला मी रोज टोकायचो. तो धावत आला, मला दोन्ही बगलांत हात घालून कापडाच्या तागासारखं उचललं आणि म्हणाला, "सर, ताठ उभे राहा, मी धरलंय." मनात काही नव्हतं त्याच्या, भल्या मनानं म्हणाला. सगळी पेठ बघत होती. त्यातले निम्मे माझ्या शिट्टीवर वाढलेले. त्या दिवसापासून माझे पाय गेले. हाडातून नाही गेले, मला माहीत आहे.

तुझी पत्रं आली की मात्र बरं वाटायचं. तू तांब्या उचललास की मला वाटायचं मीच उचलला. कुंदाबाई वाचायची तेव्हा मी पांघरुणाखाली टाचा हलवत असे. चष्मा सापडत नव्हता हेही खोटं. डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून तिला वाचायला देत होतो.

पण आता मला सोनगीरचं बोलू नकोस. घागर भरायची तर भुईवर पाटावर बसावं लागेल आणि बसलो तर चौघांनी उचलावं लागेल. बाबांच्या घरात, आळीसमोर, ते माझ्यानं होणार नाही. किल्ली चुडामणजवळ देतो. घागर तूच भर. मुराळी म्हणून त्यालाच ने.

रुपचंद

*

उमरखेडे
२० एप्रिल १९५७

चि. रुपचंदास आशीर्वाद.

होळीला एक पत्र टाकलं, पाडव्याला एक टाकलं. उत्तर नाही. कुंदाबाईनं दोन ओळी लिहिल्या म्हणून कळलं की तू खुर्ची धरून उभा राहतोस, पण उंबरठा ओलांडत नाहीस. तेवढ्यानंही मला रडू आलं. पोर चांगली आहे तुझी सून.

काल मी फाट्यापर्यंत जाऊन आले. कळशी डोक्यावर घेऊन. कळशीची गरज नव्हती, पण चुडामणला दाखवायचं होतं. मी वाटेत बसेन म्हणून तो मागून बैलगाडी घेऊन येत होता. रिकामी गाडी हाकत गेला आणि रिकामी हाकत आला. बैलसुद्धा माझ्याकडे बघत होते. घरी आल्यावर म्हणाला, "जाय माय, तुले कोन आडावस."

आता अट राहिली मुराळ्याची. सोनगीरचा मुराळी यंदा येत नाही असं तू लिहिलंस, मग मी ठरवलं की उमरखेड्याचा मुराळी जाईल. अखाजीच्या आदल्या दिवशी सकाळच्या एस. टी.नं मी एकटी धुळ्याला येते आणि तुला माहेरी घेऊन जाते. बहीण कधी मुराळी होते का, असं विचारशील. माझ्या सुनेनं विचारलं, यशोदाबाईनं विचारलं, तूही विचार. माहेर माझं तसं तुझंही आहे, आणि ज्याचे पाय चालतात त्यानं न्यायला जायचं असतं.

एक मात्र ध्यानात ठेव. मुराळी आपल्याकडे रिकामा परत धाडत नाहीत. माझ्या सासूचा स्वभाव तुला माहीत होता, बारा महिने विस्तव. पण तिनंही सोनगीरच्या मुराळ्याला कधी रिकामं धाडलं नाही. तू नाही म्हणालास तर मी तुझ्या ओट्यावर बसेन आणि पेठेतला जो येईल त्याला सांगेन की मुराळी आहे, बसलेय. रतिलालला तर बोलावूनच सांगेन.

घागर तुझ्याच हातची हवी. बाबांना माझ्या हातचं पाणी चाललं असतं, पण ते विचारतील ना, रुपा कुठं आहे?

तुझी
अक्का

*

सोनगीर
५ मे १९५७

चि. चुडामण यास अनेक आशीर्वाद. हे पत्र सुमनला मोठ्यानं वाचून दाखव.

पोचले. मामासकट पोचले. तुझी म्हातारी एस. टी.त उभी राहून आली नाही, खिडकीजवळ बसून आली, काळजी करू नकोस. पारोळ्याला एका बाईनं मला हात देऊन चढवायला बघितलं, मी तिचंच गाठोडं वर घेतलं.

धुळ्याला दारात गेले तर मामा दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून खुर्चीत बसलेला. मी ओट्यावरूनच म्हटलं, "ऊठ रे रुपा, मुराळी दारमा उभा शे." तरी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेला. कुंदाबाई पुढं झाली, तिला मी डोळ्यांनी थांबवलं. मी पाणीही मागितलं नाही, ओट्यावर ऊन होतं तरी आत गेले नाही. किती वेळ गेला देव जाणे. मग आतून म्हणाला, "अक्का, सावलीत तरी ये." मी म्हटलं, तू आण सावलीत. तेव्हा उठला. काठी टेकत उंबरठ्यापर्यंत आला आणि माझा हात धरला. मी त्याचा नाही धरला, त्यानं माझा धरला, हे गिरधरनंही बघितलं. पोराचे डोळे भरले.

रतिलालच्या दुकानावरून मुद्दाम गेलो. मामा खाली मान घालून चालायला लागला तर रतिलालच दुकानातून उतरून आला आणि हात न लावता बरोबर चालू लागला, स्टँडपर्यंत. बघ, त्याची पाठ अजून वाकडीच आहे. मामानं ते हळूच मला सांगितलं आणि कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा हसला.

आता खरी गोष्ट. अखाजीच्या दिवशी घर सारवलं, नव्या घागरी भरल्या, वर डांगराचं गोड फळ ठेवलं. मामा पाटाकडे बघत उभा. आळीतली माणसं दारात जमलेली. मी आधी बसले. मग तो भिंत धरून सावकाश बसला, धपकन नाही. पूजा मनापासून केली. झाल्यावर चौघे पुढं आले उचलायला. त्याचं तोंड असं झालं, चुडामण, की मला बघवेना. मी सगळ्यांना म्हटलं, थांबा, आधी मी उठते. आणि त्याच्याकडे बघत कुशीवर झाले, गुडघ्यावर आले, पाऊल पुढं घेतलं, त्या मांडीवर हात दाबला आणि उभी राहिले. पोरं हसली, म्हणाली आजी गाईसारखी उठते. मामा हसला नाही. त्यानं तसंच केलं. एकदा मागं बसला. दुसऱ्यांदा भिंतीला हात लावून वर आला. उभा राहिल्यावर थरथरत होता, तरी पाठ ताठ होती.

निंबाला झोका बांधलाय. सांजेला पोरींनी मला बसवून झोके दिले. मामा म्हणत होता पुरे, मी म्हणत होते आणखी. सुमनला सांग, माझा नवस फिटला, आता विचारलंस तर सांगते कशाचा होता.

मी पुढच्या सोमवारी येते. मामा इथंच राहतो म्हणतो. बेबाबाई शेजारी आहे, ती भाकरी देईल. गिरधर आठवड्याला येईल. खाट ओसरीवरून काढून आत टाका. मला ती झोपण्यापुरती पुरे.

तुझी
आई

*

सोनगीर
२६ ऑगस्ट १९५७

ती. अक्का,

नमस्कार, पण साष्टांग नाही. तो अजून जमत नाही आणि तुझ्याशी पुन्हा खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

इथं आडवं पडून राहता येत नाही. सकाळ झाली की तांबटांच्या हातोड्या सुरू होतात, उठावंच लागतं. आणि उचलायला कुणी नाही. विहिरीवरून लोटी आणायचो, आता तांब्या आणतो. बेबाबाई विचारते, मास्तर, नवस आहे का? मी हो म्हणतो. माझ्या तोंडून हे ऐकायला तू इथं हवी होतीस.

गेल्या पंधरवड्यात पाय सुजला तेव्हा पुन्हा खाटेची आठवण आली. दोन दिवस पडलो. तिसऱ्या दिवशी सकाळी वाटलं, आता नाही उठलो तर कधीच नाही उठणार. उठलो. किल्ल्याच्या पायथ्याच्या वाटेनं थोडा चढतो आणि माघारी फिरतो. वरपर्यंत जाईन की नाही माहीत नाही. रोज मागच्या दिवशीच्या दगडाच्या एक दगड पुढं जायचं, एवढंच ठरवलंय. मागं एक दिवस रतिलाल येऊन गेला. त्याची पाठ सरळ करायला मी त्याला भिंतीला टेकून उभा केला. तो म्हणाला, सर, तुम्ही धरू नका, उभा राहतो.

सुमनबाई तुझ्याबरोबर पिंपळाला येते असं लिहिलंस, फार आनंद झाला. तिला सांग, पाय म्हातारपणी लागतात, पण साठवायचे आत्ता.

तुझा
रुपचंद

*

सोनगीर
१६ एप्रिल १९५८
(कार्ड)

ती. अक्का,

अखाजी आली. मुराळी शनिवारी सकाळच्या एस. टी.नं निघतो. चुडामणला सांग, फाट्यावर गाडी जुंपून आणू नको. चालत येईन. हातात काठी असेल, कुणी विचारलं तर कुत्र्यांसाठी आहे म्हणून सांग.

गाठोडं बांधून ठेव. परतताना ते तू घ्यायचं.

या वेळी नमस्कार कार्डावर लिहीत नाही. तुझ्या अंगणात घालीन. साष्टांग. उठवायला हात देऊ नकोस.

तुझा
रुपा